वराहपालन: पिल्लांना जिवंत जिवाणूंची लस देण्यापूर्वी अँटिबायोटिक तपासा

राष्ट्रीय पशुधन अभियानातून किंवा स्वतःच्या भांडवलावर आपण वराहपालन करत असाल, तर पिल्लांचे लसीकरण वेळेवर करणे गरजेचे आहे. मात्र त्याच दिवसांत दिलेल्या अँटिबायोटिकमुळे काही लसी वाया जाऊ शकतात.

असे का होते?
काही लसींमध्ये दुबळे केलेले, पण जिवंत जिवाणू असतात. लॉसोनिया या जिवाणूमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारावरील तोंडावाटे द्यायची लस अशीच आहे. लसीतील जिवाणू आतड्यात वाढले, तरच प्रतिकारशक्ती तयार होते. अँटिबायोटिक त्यांनाही मारते. मग नोंदवहीत लस दिल्याची नोंद राहते, पण पिल्लाला संरक्षण मिळत नाही.

किती दिवस अंतर ठेवावे?
लॉसोनियाच्या या लसीसाठी लसीपूर्वी ३ दिवस, लसीचा दिवस आणि नंतर ३ दिवस, असे एकूण ७ दिवस अँटिबायोटिक टाळावे. इतर लसींसाठी सोबतचे माहितीपत्रक पाहावे.

लसीकरणापूर्वी काय तपासावे?
• खाद्याच्या पोत्यावरील लेबल: दूध तोडल्यानंतरच्या खाद्यात अनेकदा औषध मिसळलेले असते.
• पाण्याची टाकी: त्यात औषध किंवा क्लोरीन नसावे.
• इंजेक्शन: काहींचा परिणाम बरेच दिवस टिकतो. तारीख पशुवैद्यकांना सांगावी.
• कोलिस्टिन: अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत याच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

पिल्लू आजारी असल्यास?
लसीसाठी उपचार थांबवू नका. आधी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने उपचार पूर्ण करा आणि लस पुढे ढकला. लस दिल्यावर लगेच अँटिबायोटिक द्यावे लागले, तर पुन्हा लस द्यावी का, हे पशुवैद्यकांना विचारा.

स्वाइन फीवरच्या लसीलाही हा नियम लागू आहे का?
नाही. पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमातून दिली जाणारी क्लासिकल स्वाइन फीवरची लस विषाणूची आहे. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही. मात्र ताप असलेल्या किंवा अशक्त पिल्लाला ती देण्यापूर्वी पशुवैद्यकांना दाखवा.

मदत कोठे मिळेल?
जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात संपर्क साधा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा सुरू असलेल्या भागात १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. लसीचे नाव, तारीख आणि दिलेली औषधे एकाच वहीत लिहून ठेवा.