म्हातारपणातली कावीळ

आमच्या सासूबाईंना त्र्याहत्तरावं लागलं आणि त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. दुखत नव्हतं, तापही नव्हता. "काविळीची माळ घाला, तेल-तूप बंद करा," असं शेजारणींनी सांगितलं, नि आम्ही ऐकलं. खाजेनं रात्र रात्र डोळा लागेना, तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. पुढच्या तपासात पित्तनलिकेचा कर्करोग ठरला. तीन आठवडे मात्र फुकट गेले होते.

मैत्रिणींनो, आपण 'पित्त झालं' म्हणतो ते बहुधा आम्लपित्त. खरं पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि नलिकेतून आतड्यात उतरतं. ही वाट अडली की ते रक्तात मिसळतं. मग डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकी आणि अंगाला खाज. खड्यानंही वाट अडते, गाठीनंही. तपासल्याशिवाय कळत नाही. वयाबरोबर या कर्करोगाचा धोका वाढतो. पित्ताशयाचा कर्करोग तर बायकांतच अधिक आढळतो.

"आता या वयात कशाला हाल?" असं नातेवाईक म्हणाले. डॉक्टरांनी मात्र वयावर बोट ठेवलं नाही. जिना चढतात का, स्वतःचं स्वतः करतात का, वजन किती उतरलं, मूत्रपिंड कसं आहे, हे विचारलं. गाठ लवकर सापडली आणि प्रकृती धड असली, तर वयस्कांवरही शस्त्रक्रिया होते. आमची ती वेळ टळली होती. दुर्बिणीतून नलिकेत नळी बसवली. हळूहळू खाज गेली, झोप लागली.

राहिली औषधं. ब्रिटनमधल्या ४१० रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका औषधावर रुग्ण साधारण आठ महिने जगत. दोन एकत्र दिल्यावर पावणेबारा. त्यानंतर आणखी औषधं आली, पण पसरलेला रोग मुळासकट क्वचितच जातो.

आमच्या 'ह्यां'ना हे आईपासून लपवायचं होतं. मीच म्हटलं, शरीर त्यांचं आहे, त्यांना विचारू या. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दोनदा घेऊन बघते. झेपलं तर पुढे." चार वेळा घेतलं, मग स्वतःच थांबवलं. शेवटचे महिने त्या घरी, आपल्या खाटेवर होत्या.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे पिवळे दिसले, तर माळ नको. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आणि पुढे काय करायचं, ते त्यांनाही विचारा.