एमसीए करायचंय? मग अकरावीत गणित सोडताना विचार करा

वडूज : "पोरगा कॉम्प्युटर शिकतोय," असं खटाव-माणमधल्या बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. पण नेमकं काय, हे घरच्यांना सांगता येत नाही. पदवीनंतर सॉफ्टवेअरमध्ये जायचं असेल, तर एमसीए हा एक मार्ग आहे.

नुसतं कोडिंग नव्हे

गावातली दूध डेअरीच घ्या. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर आणि दहा दिवसांनी बिल. हे कॉम्प्युटरवर आणायचं तर आधी डेअरीत उभं राहून बघावं लागतं. लाईट गेली तर नोंद कुठं होते? उचल कशी कापतात? यालाच सिस्टिम ॲनालिसिस म्हणतात. नोंदी कशा साठवायच्या, स्क्रीनवर काय दाखवायचं, हे ठरवणं म्हणजे डिझाइन. कोड त्यानंतर. पहिली पायरी चुकली तर सॉफ्टवेअर चालतं, पण बिल चुकतं.

२०२१ मध्ये ई-पीक पाहणी ॲप आलं. शेतात रेंज नसेल तर काय, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोराला लगेच सुचतो. गावची ही माहिती या कामात उपयोगी पडते.

प्रवेश कसा मिळतो?

• मुदत : पूर्वी ३ वर्षे होती, २०२०-२१ पासून २ वर्षे.
• पात्रता : बीसीए किंवा कॉम्प्युटरची पदवी. बीएस्सी, बीकॉम, बीए झालेल्यांनाही दार उघडं आहे, पण बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं चांगलं. गुण किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के.
• परीक्षा : राज्य सीईटी कक्षाची एमसीए सीईटी. त्यात गणित, तर्कक्षमता, इंग्रजी आणि कॉम्प्युटरची ओळख.
• फी : ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क माफ. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच हवा.

दहावीनंतर "गणित जमत नाही" म्हणून अनेक जण ते सोडतात. तीन वर्षांचं बीकॉम झाल्यावर कळतं, की एमसीएसाठी गणित असतं तर बरं झालं असतं. म्हणून निर्णय अकरावीतच नीट घ्या.

आणखी एक. तीन-सहा महिन्यांचा क्लास म्हणजे पदवी नव्हे. पैसे भरण्याआधी कॉलेजला एआयसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते बघा. सातारा-सांगलीतली बरीच कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली आहेत. नियम बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची सीईटी माहितीपुस्तिका वाचूनच फॉर्म भरा.