व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची दुकाने

पूर्व आफ्रिकेच्या सहलीस जाणारी आपल्याकडील कुटुंबे बहुधा मसाई माराचे सिंह पाहतात, नैरोबीत कोणी परिचित असल्यास तेथे दोन दिवस मुक्काम करतात आणि परततात. तेथून आणखी पश्चिमेस, व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जाणारे थोडेच. वास्तविक व्यापारी घराण्यातील माणसाने मुद्दाम पाहावीत अशी लहान लहान गावे याच काठावर आहेत.

सरोवर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते त्यापेक्षा हे प्रकरण फार मोठे आहे. क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पंचमांशाहून अधिक. आणि पाणी गोडे. क्षेत्रफळात गोड्या पाण्याचे याहून मोठे सरोवर जगात एकच, उत्तर अमेरिकेतील सुपीरियर. विषुववृत्त सरोवरावरून जाते, तरी समुद्रसपाटीपासून सुमारे ११३५ मीटर उंचीमुळे हवा सुसह्य असते. केनिया, युगांडा व टांझानिया या तीन देशांत ते विभागले आहे. त्यात केनियाचा वाटा अवघा सहा टक्क्यांच्या आसपास.

तरीही प्रवासाचा आरंभ केनियातील किसुमूपासून करणे सोयीचे, कारण या काठाच्या आधुनिक व्यापाराचा आरंभही तेथेच झाला. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग १९०१ मध्ये येथे पाण्याला भिडला. तो बांधण्यासाठी तीस हजारांहून अधिक भारतीय मजूर आणले गेले होते. त्यातील सुमारे अडीच हजार परतले नाहीत. रुळांच्या मागोमाग, काही ठिकाणी तर रुळांच्याही पुढे, गुजरात-कच्छचा दुकानदार चालत गेला. कच्छमधील केरा गावचे खोजा व्यापारी अलिदिना विश्राम यांची दुकाने या मार्गावर आणि युगांडात ठिकठिकाणी होती. लोहाणा व पाटीदार आले, जामनगर परिसरातील खेड्यांतून आपले हालारी विसा ओसवाल आले. सरकारी कचेऱ्यांतील कारकुनीत गोव्याच्या मंडळींनी जम बसविला. पत्र्याचे छप्पर, पुढे ओसरी, आत मीठ, कापड, काडेपेटी, रॉकेल आणि कुदळी. मागच्या खोलीत संसार. अशा एका खोलीच्या दुकानावर एकेका घराण्याची पहिली पिढी गेली.

१९२० पर्यंत या प्रदेशात चलन रुपयाचेच होते. हिशेबाला सोपे पडावे म्हणून येथील रुपयाचे शंभर सेंट विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात झाले होते. भारतात शंभर नये पैसे यायला १९५७ उजाडावे लागले. रुपया गेला, शब्द मात्र राहिले. स्वाहिली भाषेत दुकान म्हणजे ‘दुका’, पैसा म्हणजे ‘पेसा’, लाख म्हणजे ‘लाकी’, विमा म्हणजे ‘बिमा’ आणि धनादेशाला चक्क ‘हुंडी’. मोबाइलवरून पैसे पाठविण्याची जी ‘एम-पेसा’ सेवा केनियात २००७ मध्ये सुरू झाली, तिच्या नावातला पेसाही हाच. आपल्या ‘व्यापारी’ शब्दाचे तिकडील रूप ‘बेपारी’. त्याची कथा थोडी निराळी आहे. ती पुढे येईल.

किसुमूच्या नैर्ऋत्येस रुसिंगा व म्फांगानो ही बेटे आहेत. रुसिंगा पुलाने जमिनीशी जोडलेले आहे. १९६९ मध्ये नैरोबीत गोळी घालून मारले गेलेले केनियाचे तरुण मंत्री टॉम म्बोया यांची समाधी तेथे आहे. पुढे म्फांगानोला बोटीने जावे लागते. येथे एक सावधगिरी आवश्यक. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. नावाडी ‘दोन’ म्हणाला की तो सकाळचे आठ म्हणत असण्याचा संभव आहे. नवकारसीचा वेळ सूर्योदयापासून मोजणाऱ्यांना ही रीत परकी वाटू नये. सूर्यास्तही बारा महिने पावणेसातच्या आगेमागे, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यास रोज पंचांग उघडण्याचे कारण नाही.

जेवणाचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. मक्याच्या पिठाची उगाली, ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी, राजमा, आणि चपाती, त्याच नावाची. ‘बिला कितुंगू’, म्हणजे कांद्याशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करावेत. युगांडात चपातीत अंडे गुंडाळून ‘रोलेक्स’ विकतात. नाव घड्याळाचे असले तरी आपल्या कामाचे नाही. मासळीचा बाजार आणि वाळूवर वाळत घातलेले रुपेरी मासे मात्र टाळता येत नाहीत. लाखो कुटुंबांची चूल त्यावर चालते. १९५० च्या दशकात बाहेरून आणून सोडलेल्या ‘नाईल पर्च’ या मोठ्या माशाने सरोवरातील लहान माशांच्या शेकडो जाती संपविल्या. निर्यात वाढली आणि जीव गेले. दोन्ही नोंदी एकाच वहीत आहेत.

उत्तर काठावर युगांडाचे जिंजा. नाईल नदी सरोवरातून येथे बाहेर पडते. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये येथे विसर्जित झाला. तेथील पुतळ्याचे अनावरण १९९७ मध्ये पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी केले. यात्रेकरू एवढे पाहून निघतात. त्यांनी मुख्य रस्त्यावरून तासभर पायी फिरावे. दुमजली इमारती, कोरीव सज्जे, आणि कपाळपट्टीवर सिमेंटमध्ये उठविलेली हिंदी नावे व बांधकामाची साले. जवळच काकिरा येथे मुळजीभाई माधवानी यांचा साखर कारखाना १९३० मध्ये उभा राहिला.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने भारतीय वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. पन्नास हजारांहून अधिक माणसे देश सोडून गेली. एका कुटुंबाला सोबत नेता आले ते जेमतेम पन्नास पौंड. दुकाने मालासह, किल्ल्यांसह राहिली. अमीनच्या मर्जीतल्या माणसांत ती वाटली गेली. माल विकून संपला, तो पुन्हा कोठून व कसा भरायचा हे कोणास ठाऊक नव्हते. मागणी, उधारी, रेल्वेची पावती, मोंबासाचा आडत्या, ही साखळी किल्लीबरोबर हस्तांतरित होत नाही. १९९० च्या दशकात सरकारने मालमत्ता परत देण्यास आरंभ केला. काही कुटुंबे, माधवानींसह, परतली. बहुतेकांनी इमारत विकून टाकली. कपाळपट्टीवरचे नाव बहुधा कोणी खोडत नाही. खाली मोबाइलचे दुकान असते.

युगांडाच्याच हद्दीत ससे बेटे आहेत, ८४. मोठे बेट बुगाला. तेथे जाण्यास एंटेबेजवळून रोज बोट निघते, सुमारे साडेतीन तास लागतात. जंगल सुंदर होते; बरेचसे तोडून तेथे आता पाम तेलाची लागवड झाली आहे. दोन दिवस विश्रांतीस ठीक. तेथून मसाकामार्गे सरहद्द ओलांडून टांझानियातील बुकोबा गाठावे, आणि बुकोबाहून रात्रीच्या ‘व्हिक्टोरिया’ जहाजाने दक्षिण काठावरील म्वांझाला उतरावे.

म्वांझाच्या भोवतीचा मुलूख कापसाचा. खरेदी व सरकी काढण्याचे कारखाने बहुतांशी भारतीयांच्या हाती होते. १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांची एकच तक्रार होती: काटा खोटा. पॉल बोमानी नावाच्या तरुणाने शेतकऱ्यांना संघटित केले. त्यांनी वर्गणी काढून स्वतःचे वजनदार नेमले आणि खरेदीच्या जागी उभे केले. पुढे १९५५ मध्ये सहकारी संस्थांचा महासंघ झाला आणि कापसाचा व्यापार हळूहळू खाजगी हातांतून निघून गेला. सगळेच काटे खोटे होते असे नव्हे. परंतु ‘हीनाधिकमानोन्मान’ हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आपल्याकडे लहानपणी शिकविला जातो, तो केवळ परलोकासाठी नाही, हे म्वांझात पोहोचल्यावर समजते. बोमानी पुढे देशाचे अर्थमंत्री झाले.

‘बेपारी’ची कथा येथेच उलगडते. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे सरोवराजवळच्याच बुतिआमा गावचे. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा त्यांनी स्वतः स्वाहिली अनुवाद केला, तो १९६९ मध्ये ‘मबेपारी वा वेनिसी’ या नावाने प्रसिद्ध झाला. व्यापाऱ्यासाठी स्वाहिलीत दुसरा सौम्य शब्द होता. त्यांनी ‘बेपारी’ निवडला, कारण तोवर त्याचा अर्थ ‘भांडवलदार’ असा झाला होता. ‘उबेपारी’ म्हणजे भांडवलशाही. १९७१ मध्ये एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. मर्यादेचा आकडाही लाकीतच. दहा वर्षांहून जुन्या इमारतींना भरपाई नव्हती. अनेक कुटुंबे त्यानंतर लंडन, टोरांटोकडे वळली. काही चिकटून राहिली.

म्वांझाहून उकेरेवे बेटावर जाण्यास मोठी फेरीबोट असते. नान्सिओ हे तेथले मुख्य गाव. आफ्रिकेतील सरोवरांमधील हे सर्वांत मोठे बेट. भात, संत्री, टेकड्यांवरचे गुळगुळीत प्रचंड दगड. त्यापलीकडे उकारा हे छोटे बेट. २० सप्टेंबर २०१८ रोजी उकाऱ्याला जाणारी ‘न्येरेरे’ ही फेरीबोट धक्क्यापासून अगदी जवळ उलटली. बोटीची क्षमता १०१ जणांची होती. मृतांचाच आकडा सव्वादोनशेवर गेला. बाजाराचा दिवस होता, माणसांबरोबर मक्याची पोती होती. त्यामुळे लहान बेटांवर जाताना भरलेली बोट सोडून पुढच्या बोटीची वाट पाहावी, दिवस वाया गेला तरी चालेल. वाट पाहण्यास नान्सिओचा बाजार चांगला आहे. ‘दुका ला दावा’ म्हणजे औषधाचे दुकान, ही पाटी तेथे दर थोड्या अंतरावर दिसते. आत काउंटरमागे आता स्थानिक केरेवे माणूस बसलेला असतो. चार शब्द स्वाहिलीचे बोलले तर बाकडे पुढे सरकवतो. त्याच्या उधारीच्या वहीत डावी बाजू नावे आणि उजवी जमा.