श्रीधरकवीची पद्यरूपांतरे

संस्कृत पुराणे व महाकाव्ये यांतील कथा मराठी ओवीबद्ध करणारा श्रीधर (१६५८–१७२९) हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वाधिक वाचला गेलेला मराठी कवी. जन्म सोलापूर जिल्ह्याच्या सांगोले तालुक्यातील नाझरे येथे. म्हणून ‘नाझरेकर’ हे उपनाम रूढ झाले. आईचे नाव सावित्री. वडील ब्रह्मानंद हेच त्याचे गुरू. रंगनाथस्वामी निगडीकर हे याच कुळातले. श्रीधराचे वास्तव्य बव्हंशी पंढरपुरात होते आणि हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) व पांडवप्रताप (१७१२) हे त्याचे मोठे ग्रंथ तेथेच पूर्ण झाले. शिवलीलामृत (१७१८) मात्र बारामतीस, कऱ्हेच्या काठी लिहिले गेले. यांखेरीज वेदान्तसूर्य, जैमिनी अश्वमेध, पांडुरंगमाहात्म्य इ. रचनाही त्याच्या नावावर आहेत.

याच सुमारास इंग्रजीतही प्राचीन व मध्ययुगीन काव्ये नव्या पद्यात आणण्याचा उद्योग भरात होता. ड्रायडनचा व्हर्जिल १६९७ मध्ये व ओव्हिड, होमर, बोकाचीओ आणि चॉसर यांच्या कथांचा संग्रह १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. पोपचे इलियड १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत निघाले. दोन्ही भाषांतील या कवींना एकमेकांची वार्ताही असणे शक्य नव्हते; तरी त्यांच्यापुढील प्रश्न एकच होता. मूळ भाषा न जाणणाऱ्या वाचकापर्यंत जुनी कथा पोहोचवावयाची, तर मुळाशी किती बांधून घ्यावयाचे ? ड्रायडनने १६८० मध्येच शब्दशः भाषांतर, अर्थानुवाद आणि स्वैर अनुकरण असे तीन प्रकार कल्पिले होते. श्रीधराचे लेखन यांतील दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांच्या दरम्यान कोठेतरी बसते.

मात्र आपला आधार तो कधी लपवीत नाही. अध्यायाच्या शेवटच्या ओवीत आधारग्रंथाचा निर्देश करण्याची त्याची पद्धत आहे : हरिविजयात हरिवंश व भागवत, रामविजयात वाल्मीकी व ‘नाटक’ (म्हणजे हनुमन्नाटक), तर शिवलीलामृतात स्कंदपुराणाचे ब्रह्मोत्तरखंड. हा निर्देश अक्षरशः घेऊन चालत नाही. शिवलीलामृताच्या चौदाव्या अध्यायातील श्रीयाळ, चांगुणा व चिलया यांची कथा हे त्याचे ठळक उदाहरण होय. अतिथीरूपाने आलेला शिव दांपत्याच्या एकुलत्या एका मुलाचे मांस मागतो आणि आई त्याचे शिर, डोळ्यांतून टिपूस न काढता, उखळात कांडते. अध्यायाच्या अखेरीस नेहमीप्रमाणे स्कंदपुराणाचेच नाव येते. परंतु ही कथा मुळात दक्षिणेतील शैव भक्तांच्या चरित्रपरंपरेतील आहे. बाराव्या शतकातील शेक्किळारच्या तमिळ पेरियपुराणात ती सिरुत्तोंडर या भक्ताची म्हणून येते, तर कन्नड वीरशैव वाङ्‌मयात तिचा नायक सिरियाळ होतो. मंगळवेढे–सोलापूर हा प्रदेश मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचा. येथल्या कवीच्या कानी ही कथा संस्कृत पोथीवाचून पडली असावी, असे मानणे सयुक्तिक ठरते. मध्ययुगीन लोकप्रिय कथेला पुराणाचे छत्र देऊन श्रीधराने तिला शास्त्रमान्यता मिळवून दिली. यात लबाडी पाहणे योग्य नव्हे. पुराण ही त्याच्या दृष्टीने वाढती वस्तू होती.

श्रीधराची ओवी पहिल्या तीन चरणांत यमक जुळविणारी व चौथ्या चरणात विसावणारी आहे. एका दमात म्हणता यावी, ऐकताच कळावी, इतकी ती सैल व सोपी आहे. पोपचे दशाक्षरी द्विपदीचे वृत्त याच्या अगदी उलट, घासूनपुसून घट्ट केलेले. पोपचे काव्य सुंदर आहे, पण त्याला होमर म्हणू नये, अशा अर्थाचा रिचर्ड बेंटली या ग्रीकच्या पंडिताचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. श्रीधरावरही असाच आक्षेप घेता येईल. त्याचे गोकुळ भीमाकाठच्या एखाद्या खेड्यासारखे दिसते. कृष्णाच्या खोड्यांची गाऱ्हाणी घेऊन यशोदेकडे येणाऱ्या गवळणी तर शेजारपाजारच्याच वाटतात. युद्धवर्णने लांबतात, उपमांच्या माळा पुनःपुन्हा त्याच येतात. पण करुण व हास्य या दोन रसांत त्याची बरोबरी करणारे आख्यानकवी थोडे आहेत.

पोपने इलियडसाठी आगाऊ वर्गणीदार मिळविले व त्यांतून सु. ५,००० पौंडांची प्राप्ती केली. श्रीधराच्या ग्रंथांचा प्रसार हस्तलिखित नकलांतून व पुराणिकांच्या तोंडून झाला. एकोणिसाव्या शतकात छापील पोथ्या निघाल्यावर ते घरोघर गेले. चातुर्मासातील वाचनात हरिविजय व पांडवप्रताप यांना, तर नित्यपाठात शिवलीलामृताच्या अकराव्या अध्यायाला स्थान मिळाले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा असंख्य स्त्रियांनी व शेतकऱ्यांनी रामायण-महाभारत जाणले ते प्रामुख्याने श्रीधराच्या शब्दांत. पंडिती अभिरुचीच्या समीक्षकांनी त्याला मोरोपंतांहून खालचे आसन दिले, ते केवळ रचनाकौशल्याच्या मापाने पाहता बरोबर आहे; परंतु रूपांतराचे काम ज्याच्यासाठी करावयाचे त्या श्रोत्याला ते माप विसरते.

श्रीधर निवर्तला त्याच १७२९ या वर्षी मोरोपंतांचा जन्म झाला. पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत, म्हणजे शिवलीलामृत जेथे लिहिले गेले तेथेच, स्थायिक झाले व त्यांनी सबंध महाभारत आर्यांत उतरविले. (यांतील बहुसंख्य ‘आर्या’ छंदःशास्त्रदृष्ट्या गीती आहेत.) त्याच शतकात जॉन्सनने जूव्हेनलच्या उपहासिकांना १७३८ व १७४९ मध्ये इंग्रजी वेश चढविला, त्यांपैकी पहिलीतील रोम नगरीच्या जागी त्याने सरळ लंडन बसविले. हस्तिनापुराच्या जागी पुणे बसविण्याचा असा प्रयोग मोरोपंतांनी केला नाही. श्रीधराच्या गोकुळात तो नकळत घडून गेला होता.