कॅरिअरवरची पेटी

संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरवर गोधडीत गुंडाळलेले चौकोनी काहीतरी बांधून निघालो, की रस्त्यावर कुणीतरी हमखास विचारते, ‘काय विकता भाऊ?’ कुणाला ती शिलाई मशीन वाटते, कुणाला कपड्यांचे गाठोडे. गोधडीत हार्मोनियम आहे, असे सांगितले की माणूस हसतो आणि पुढचा प्रश्न विचारतो, ‘मंग फुटत नाई का?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला आज द्यायचे आहे. कारण ती एकदा फुटली होती.

नांदगाव पेठ हे अमरावतीहून नागपूरकडे जाताना महामार्गावर लागणारे गाव. आमचा हा भाग भजनांचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव यावली आमच्याच अमरावती तालुक्यात, आणि त्यांनी १९३५ साली स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम याच रस्त्याने पुढे मोझरीला. त्यामुळे गावोगावी भजन मंडळे आहेत. आमचे मंडळ आठ जणांचे. १९८४ साली मी त्यात पेटी वाजवू लागलो, तेव्हा कुणाकडेही मोटारसायकल नव्हती. आठ माणसे, पाच सायकली आणि त्यांवर पेटी, तबला-डग्गा, दोन खंजिऱ्या, टाळ, एकतारी असा सगळा संसार.

पेटी सायकलवर बसते, याचे श्रेय खरे तर कोलकात्याला जाते. हार्मोनियम मुळात १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये घडले. ते पायाने भाता मारायचे वाद्य, टेबलाएवढे. द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास कोलकात्यात हाताच्या भात्याची पेटी तयार केली. खाली बसून वाजवता येईल आणि उचलून नेता येईल अशी. त्यानंतर ती कीर्तनात, नाटकात, भजनात सगळीकडे पोचली. गंमत अशी, की ज्या रेडिओवरून मी हे बोलतो आहे, त्याच रेडिओने १ मार्च १९४० पासून पेटीला बंदी केली होती. तिचे सूर पक्के बांधलेले, मींड आणि श्रुती तिच्यातून निघत नाहीत, हा आक्षेप होता. बंदी सैल झाली १९७१ मध्ये, तीही अटींसह. या तीस वर्षांत खेड्यातल्या भजनाने मात्र पेटी सोडली नाही.

आता पेटी का बिघडते ते पाहू. तिच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना आपण सूर म्हणतो. प्रत्येक सूर आपल्या खाचेवर बसवलेला असतो. भात्याची हवा खाचेतून जाते, पट्टी थरथरते आणि आवाज निघतो. पट्टी आणि खाचेची कड यांमधले अंतर केसाएवढे. तिथे धुळीचा कण अडकला, तर सूर भरकतो किंवा मुका होतो. सतत हादरे बसले तर सूर सैल होतात, लाकडाचे सांधे उकलतात आणि हवा गळू लागते. म्हणजे पेटीचे वैरी दोन, धूळ आणि दचका. आमच्या पांदणीत दोन्ही भरपूर.

म्हणून बांधण्याची पद्धत. कॅरिअरवर आधी पेटीच्या मापाची फळी पक्की बसवायची. फळीवर चार पदरी गोधडी. पेटीचा भाता मिटवून कडी लावायची, सगळे खटके आत ढकलायचे, पेटी जाड कापडात गुंडाळायची. ती कॅरिअरवर लांबीत ठेवायची आणि सीटला भिडवायची. आडवी ठेवली तर दोन्हीकडून वीतभर बाहेर येते आणि पहिल्याच बाभळीच्या काट्यात किंवा बैलगाडीच्या चाकात अडकते. लांबीत ठेवून मागे सरकू दिली, तर सायकलचे पुढचे चाक हलके होते आणि हँडल भरकटते.

मग दोर. नुसती सुतळी बांधली, तर दोन किलोमीटरमध्ये गोधडी दबते आणि सुतळी ढिली पडते. नुसती जुन्या ट्यूबची पट्टी बांधली, तर ती ताणते आणि पेटी उड्या मारते. म्हणून आधी न ताणणारा नाडा, त्यावर ट्यूबची पट्टी. नाडा पेटीला जागेवर धरतो आणि ट्यूब त्याला ढिले पडू देत नाही. बांधून झाल्यावर पेटी धरून हलवायची. पेटीबरोबर सायकल हलली पाहिजे. पेटी एकटी हलली, तर सोडून पुन्हा बांधायची.

तबला-डग्गा दुसऱ्या सायकलवर. ते हँडलला लटकवू नयेत. वजन झुलते आणि वळताना हँडल हातात राहत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, जेवढे खाली टांगता येतील तेवढे खाली टांगावेत. वजन खाली असले की सायकल लवंडत नाही. धातूचा डग्गा तबल्यापेक्षा जड असेल, तर टाळ तबल्याच्या पिशवीत टाकावेत, तोल साधतो. मुक्कामी पोचल्यावर लगेच वाजवायला बसू नये. उन्हात चामडे ताणून आवाज चढतो, दमट हवेत उतरतो. पेटीचे सूर बदलता येत नाहीत, म्हणून तबल्यालाच हातोडी मारून पेटीशी जुळवावे लागते. अर्धा तास त्याला हवेशी ओळख करू द्यावी.

साध्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. कंपनीने हे उगीच केलेले नाही. ओझे मागे असते. तरी तारा तुटतात त्या मागच्याच. निघण्यापूर्वी तारांवरून बोट फिरवावे, ढिली तार लगेच कळते. मागच्या चाकात हवा पूर्ण भरावी. दचके कमी बसावेत म्हणून काही जण हवा कमी ठेवतात, पण ओझ्याखाली ट्यूब रिमला चेपून फुटते. दचका सोसायचे काम गोधडीचे, ट्यूबचे नव्हे. उतारावर मात्र खाली उतरून चालावे.

भोंगा आम्ही नेत नाही. त्याची बॅटरी एकटीच पेटीच्या वजनाची. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो आणि आमचे भजन रंगते दहानंतरच.

आता ती फुटलेली पेटी. १९९६चा श्रावण. एका शेतकऱ्याच्या आईची तेरवी होती. पांदण ओली होती. काळ्या मातीचा चिखल कसा असतो ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. तो मडगार्ड आणि चाकात गच्च भरतो आणि चाक फिरेनासे होते. मी काडीने चिखल काढायला थांबलो आणि सायकल एका बाजूच्या स्टँडवर लावली. स्टँडचे टोक हळूहळू मातीत रुतले. मी वाकलेलोच होतो आणि सायकल पलीकडे आडवी झाली. खाली दगड होता. भाता दाबून पाहिला, तर नुसती हवा सुसाट बाहेर. ती पेटी माझ्या वडिलांनी एका हंगामाच्या कापसाच्या पैशातून घेतली होती.

दोष कुणाचा नव्हता, माझाच होता. मी बुवांना म्हणालो, परत जाऊ. ते म्हणाले, ‘पेटी फुटली त फुटली, आवाज त नाई ना फुटला? लोक वाट पायतेत.’ आम्ही गेलो. एकतारीचा एक सूर, दोन खंजिऱ्या आणि टाळ यांवर पहाटेपर्यंत भजन झाले. तेव्हा मला कळले, की तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी का शोभली. एका हातात मावते, पिशवीत जाते आणि चामडे सैल पडले तर विस्तवाजवळ शेकून घेता येते. पेटी पुढे अमरावतीत दुरुस्त झाली, पण एक सूर अजूनही जरासा कुरकुरतो. तेव्हापासून मी दोन पायांचा घोडा स्टँडच वापरतो आणि स्टँडखाली ठेवायला एक फळकूट पिशवीत बाळगतो.

गेल्या वर्षी माझा पुतण्या म्हणाला, ‘काका, आता हे बंद करा. गाडी करत जाऊ.’ त्याचे म्हणणे चुकीचे नाही. महामार्ग चौपदरी झाला आहे, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. माझे गुडघेही पूर्वीचे नाहीत. पण मी त्याला विचारले, गाडीचे भाडे कोण देईल? आमचे मंडळ पैसे घेत नाही. चहा घेते, उशीर झाला तर पिठले-भाकर. गाडी आली की भाडे आले. मग ज्याला भाडे परवडते त्याच्याच दारात भजन होईल. ज्याच्या घरी माणूस गेले आणि खिशात काही नाही, तो आम्हाला बोलवायला संकोचेल. लांबच्या गावाला गाडी, हे मी मान्य केले. सात-आठ किलोमीटरच्या आतल्या गावांना मात्र सायकल, तीही आतल्या रस्त्याने आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावून.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने नाडा हातात घेतला आणि पेटी बांधली. मी हलवून पाहिली. पेटी एकटीच हलली. त्याला म्हटले, ‘सोड. पुन्हा बांध.’ तिसऱ्या वेळी सायकल हलली, पेटी हलली नाही. त्या दिवशी पेटीची सायकल त्याने चालवली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)