रिटर्न एक की चार?

कोड रिव्ह्यूला बसलं की मी आधी फंक्शनमधले 'रिटर्न' शोधतो. बाहेर पडायच्या वाटा कळल्या की आत काय चाललंय त्याचा अर्धा अंदाज येतो. आज समोर पैसे पाठवण्याआधीची तपासणी आहे. ग्राहक सापडला तर, खातं चालू असेल तर, शिल्लक पुरेशी असेल तर, मर्यादेत बसत असेल तर... एकात एक चार 'इफ'. ओळी सरकत सरकत पार उजव्या कडेला गेलेल्या आणि खाली 'एल्स'ची रांग. कुठला एल्स कुठल्या इफचा, हे स्क्रीनवर बोट ठेवून बघावं लागतं. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर 'रिझल्ट' नावाचं व्हेरिएबल शेवटी एकदाच परत करता यावं म्हणून!

एकाच रिटर्नचा हा नियम उगाच आलेला नाही. 1968 साली एड्सगर डाइक्स्ट्रा यांचं 'गोटू'विरुद्धचं पत्र छापून आलं. पुढे कोडच्या प्रत्येक तुकड्याला आत जायची एक आणि बाहेर पडायची एक वाट असावी, ही शिस्त रुजली. मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठी निघालेल्या 'मिस्रा सी'च्या 2004च्या आवृत्तीत एकच रिटर्न सक्तीचा होता. 2012च्या आवृत्तीत त्याचा नुसता सल्ला झाला.

सीमध्ये या शिस्तीला ठोस कारण आहे. मेमरी घेतली, लॉक लावलं आणि मधूनच रिटर्न केलं, तर लॉक तसंच लागलेलं राहतं. लिनक्स कर्नलवाल्यांनी यावर चक्क त्या बदनाम गोटूलाच कामाला लावलंय. काही बिनसलं की तळाच्या लेबलवर उडी मारायची, घेतलेलं उलट्या क्रमाने सोडायचं, मग रिटर्न. मात्र आवरायचं काहीच नसेल तर तिथल्या तिथे रिटर्न करा, असं त्यांचीच नियमावली सांगते. पायथनमध्ये 'विथ' आणि गो भाषेत 'डिफर' ही आवराआवर करतात. तिथे एकाच रिटर्नचा हट्ट मला तरी निव्वळ सवयीचा वाटतो.

पण रिटर्न कुठे आहे यापेक्षा तो काय सांगतो, हे मला जास्त खटकतं. सीमधलं, मजकुराचा आकडा करून देणारं 'एटॉइ' घ्या. त्याला '0' द्या किंवा 'कखग' असलं काहीही द्या, उत्तर शून्यच. खरं शून्य कोणतं आणि चुकीचं कोणतं, हे बोलावणाऱ्याला कळायला मार्ग नाही. गो भाषेत मूल्याच्या जोडीला एरर वेगळी परत येते. ती प्रत्येक वेळी तपासायचा कंटाळा येतो हे खरं, पण घोटाळा होत नाही.

समोरच्या फंक्शनमध्येही तेच झालंय. चारपैकी काहीही फसलं तरी हाती येतो 'फॉल्स'. ग्राहकाला 'शिल्लक कमी' सांगायचं की 'खातं बंद'? म्हणून माझा पहिला शेरा त्यावर: चारही तपासण्या वर घ्या, जी फसेल तिथूनच तिचं कारण परत करा आणि 'रिझल्ट' काढून टाका.