दहा ते पाचचा गारवा

आपल्या जिल्ह्याच्या गावांत 'वातानुकूलित' या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. मंगल कार्यालयाच्या फलकावर तो हवा, बँकेच्या दारावर तो हवा. त्यामुळे एखाद्या संग्रहालयाच्या किंवा कलादालनाच्या सुधारणेची गोष्ट निघाली की वातानुकूलन यंत्रांची मागणी प्रथम पुढे येते आणि तीविरुद्ध बोलणारा माणूस प्रगतीचा शत्रू ठरतो. तरीही बोलणे भाग आहे, कारण मराठवाड्याच्या हवेत हे यंत्र ज्या रीतीने चालविले जाते, त्या रीतीने ते जपावयाच्या वस्तूंचेच नुकसान करू शकते.

लातूरहून पन्नास-साठ किलोमीटरवर तेरणेच्या काठी तेर आहे. वारकऱ्यांच्या दृष्टीने ते गोरोबाकाकांचे गाव. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते तगर म्हणून ठाऊक असते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. या गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून, नदीच्या दरडीतून आणि गावकऱ्यांच्या घरांतून वस्तू जमविण्यात आयुष्य घातले, आणि त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे उभे आहे. सातवाहनांची शिशाची नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या व पांढऱ्या केओलिनच्या मूर्ती असा हा ठेवा आहे. त्यात वीतभरही उंची नसलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिची ही जवळची नातलग. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशाच घडणीची एक मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही मिळाली. म्हणजे रोमपर्यंत गेलेल्या या कारागिरीचे धागेदोरे आपल्या मराठवाड्यात आहेत, आणि ते हस्तिदंताचे आहेत ही चिंतेची गोष्ट आहे.

हस्तिदंत, लाकूड, कागद, कॅनव्हास ही सारी सेंद्रिय द्रव्ये हवेतील ओलावा पितात आणि सोडतात. पावसाळ्यात घराचे दार फुगून चौकटीत अडकते आणि दिवाळीनंतर सैल होते, हा आपल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. पखवाज वाजविणाऱ्याला तर हवेचा पालट बोटांना कळतो. हस्तिदंताचे दुखणे असे की तो सर्व दिशांना सारखा फुगत नाही. एका दिशेने अधिक, दुसरीकडे कमी. त्या ओढाताणीत त्याला चीर जाते. तैलचित्राचे तसेच. मागचा कॅनव्हास आणि पुढचा रंगाचा थर यांची हालचाल वेगवेगळी, म्हणून रंग सुटून पापुद्रे पडतात. वस्तूला उष्णता बाधते ती फार करून आर्द्रतेच्या द्वारे, आणि आर्द्रता बाधते ती तिच्या चढउतारामुळे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा प्रश्न नीट मांडता येतो.

नांदेड-लातूरची हवा मुळातच टोकाची. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेत आर्द्रता पंधरा-वीस टक्के उरते. श्रावणात तीच हवा ऐंशीच्या घरात ओली असते. परंतु हा पालट काही आठवड्यांत हळूहळू घडतो आणि जाड भिंतींच्या, बंद कपाटातल्या वस्तूला तो सोसण्यास अवधी मिळतो. आता यंत्र आणा. कचेरीच्या वेळेप्रमाणे ते सकाळी दहाला सुरू होईल आणि शिपाई सायंकाळी पाचला ते बंद करून कुलूप लावील. मे महिन्यातली ४२ अंशांची, पंधरा टक्के आर्द्रतेची हवा २४ अंशांवर आणली की आर्द्रता आपसूक चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. हे उत्तमच. पण यंत्र थांबल्यावर खोली तापून ३२ अंशांवर गेली की आर्द्रता पुन्हा पंचवीसच्या जवळ उतरते. निसर्गाने वर्षातून एकदा दिलेला हेलकावा आपण रोज देऊ लागतो.

पावसाळ्यात याहून वाईट घडते. बाहेर २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा सुमारे २४ अंशांवर दव टाकू लागते. यंत्राने वस्तू २२ अंशांपर्यंत गार केलेली असताना ते बंद झाले आणि खिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत आली, म्हणजे थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो तसा त्या वस्तूला सुटतो. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला निमंत्रण मिळते. वीज गेली तरी परिणाम हाच, आणि वीज जाणे म्हणजे काय हे या भागातील वाचकांना सांगावयास नको.

कोणी म्हणेल, यंत्र चोवीस तास चालवा. जरूर चालवावे, पण त्याचे वीजबिल, जनित्र, त्याचे तेल आणि दुरुस्तीचा माणूस यांची तरतूद दरवर्षी करावी लागेल. खरेदीचा पैसा एकदा मिळतो, देखभालीचा मिळत नाही, हा आपल्या सार्वजनिक संस्थांचा जुना रोग आहे. कूलरचा उपाय तर पाण्यावर चालतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे उन्हाळाभर कूलरवर विसंबणे शहाणपणाचे नाही. शिवाय कूलर हवेत ओल सोडतो ती बेहिशेबी.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधील मॅनॉडच्या पाटीदगडाच्या खाणीत हलविण्यात आली होती. डोंगराच्या पोटात हवा स्थिर ठेवता आली आणि लंडनमध्ये नेहमी रंगाचे पापुद्रे सोडणारी चित्रे तेथे शांत राहिली. युद्धानंतर ती शहरात परतली तेव्हा जुनी दुखणी पुन्हा सुरू झाली. तेथून आर्द्रतेच्या काटेकोर नियंत्रणाचा आग्रह वाढला आणि यंत्रांवर जगभर अपार खर्च झाला. आता त्या आग्रहाला मुरड पडली आहे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या जतन-समितीने स्थानिक हवामानाचा विचार करण्यास मान्यता दिली. मोठ्या संग्रहालयांच्या संघटनेने बहुतेक वस्तूंसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरेशी मानली असून साध्या उपायांना प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे.

हे साधे उपाय आपल्याला परके नाहीत. गढीची रुंद भिंत, धाब्याचे छप्पर, पुढची ओसरी यांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्याचा उन्हाळा अडविला. मात्र येथे भाबडेपणा नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या याच जड भिंती माणसांवर कोसळल्या आणि साडेसात हजारांहून अधिक जीव गेले. त्यानंतर आलेली काँक्रीटची घरे भूकंपाला सोसतील. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापतात. नव्या कलादालनाला दोन्ही धडे सांभाळावे लागतील. चांगला सांगाडा, मधे पोकळी ठेवलेल्या दुहेरी भिंती, छपरावर दुसरे छप्पर आणि पश्चिमेला खिडकी नको. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये टेकडीवर भवानी संग्रहालय उभारले, त्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांना नैसर्गिक उजेड मिळावा पण थेट ऊन लागू नये याचा विचार होता. विजेवर विसंबून न राहता संस्थानिकाला जे सुचले, ते आजच्या वास्तुविशारदांना अशक्य नसावे.

घाईच्या उपायाचे भय अजिंठ्याने आपल्याला दाखविले आहे. निजामाच्या निमंत्रणावरून १९२० ते २२ या काळात इटालियन तज्ज्ञांनी तेथील भित्तिचित्रे वाचविली खरी. परंतु त्यांनी वापरलेले लाखेचे रोगण पुढे काळवंडले आणि ते उतरविण्याचे नाजूक काम नंतरच्यांच्या वाट्याला आले. आज तेथे पर्यटकांच्या श्वासातील ओलाव्याचीही दखल घ्यावी लागते.

म्हणून तेर असो, नांदेड जिल्ह्यातील माहूरचे शासकीय संग्रहालय असो, किंवा उद्याचे कलादालन असो, पैसा आधी घट्ट बसणाऱ्या काचपेट्यांवर खर्च व्हावा. नीट बंद पेटीत सिलिका जेल ठेवले की त्या इवल्या जागेतली आर्द्रता स्थिर राखता येते. हस्तिदंती मूर्तीसाठी संपूर्ण दालन गार करण्याचे कारण नाही. नाण्यांना कोरडी हवा मानवते, हस्तिदंताला ती मानवत नाही. दोघांच्या पेट्या वेगळ्या हव्यात. यंत्र घ्यावयाचेच तर ते शेवटी, आणि किमान वर्षभराची नोंद हाती आल्यावर घ्यावे.

ही नोंद करण्यास तज्ज्ञ लागत नाही. ओल्या व कोरड्या फुग्याचा तापमापक शाळेच्या प्रयोगशाळेत असतो आणि आर्द्रतेचे कोष्टक पाठ्यपुस्तकात असते. विज्ञानशिक्षकांनी आठ-दहा विद्यार्थी नेमून दिले, तर सकाळ-सायंकाळचे आकडे वहीत उतरविता येतील. फक्त साप्ताहिक सुटीच्या दिवशी त्यांच्यासाठी संग्रहालयाचे कुलूप कोण उघडणार, एवढे संबंधित खात्याने आधी ठरवावे.